घोडनवरा आणि त्याची आई

सुखात्मिका लिहिणाऱ्याला पूर्वापार दोन माणसे लागत आली आहेत. एक, प्रेमात पडलेला पोरगा. आणि दुसरे, त्याच्या वाटेत आडवे उभे राहिलेले म्हातारे. सुमारे २२०० वर्षांपूर्वी रोमन नाटककार प्लॉटसने 'मोस्टेलारिया' नावाचे प्रहसन लिहिले. बाप तीन वर्षे परदेशी गेलेला, मुलगा त्याच्याच घरात रंगढंग करतो आहे, आणि एके दिवशी बाप अचानक दारात येऊन उभा! तेव्हा घरचा चतुर गुलाम त्याला अडवून सांगतो की, मालक, दाराला हात लावू नका, घर भुताने झपाटले आहे. त्या काळी रोमन कायद्याप्रमाणे बाप जिवंत असेपर्यंत मुलगा, मग तो कितीही वाढलेला असो, बापाच्याच सत्तेखाली असे. तेव्हा तरुणाच्या प्रेमाची गोष्ट सांगायची म्हणजे बापाचे घर, बापाची थैली आणि बापाची नजर चुकवण्याचीच गोष्ट सांगावी लागे.

या जुन्या गोष्टीची एका अमेरिकन चित्रपटाने मोठी मजेदार उलटापालट केली आहे. २००६ साली आलेल्या या चित्रपटात मुलगा बापाच्या पैशाने मुलगी पटवीत नाही. खुद्द बापच पैसे मोजून एक मुलगी ठरवतो. तिने एवढेच करायचे, की मुलाला आपल्या प्रेमात पाडायचे आणि एकदाचे घराबाहेर काढायचे! प्लॉटसच्या नाटकात मुलासाठी घर भुताने झपाटावे लागले होते. येथे आईबापांनाच मुलगा भुतासारखा वाटू लागला आहे, आणि पॉला नावाची मांत्रिकीण बोलावण्यात आली आहे.

चित्रपटाचे नाव 'फेल्युअर टू लॉंच'. दिग्दर्शक टॉम डे. लेखन टॉम अ‍ॅसल आणि मॅट एम्बर यांचे. 'लॉंच' म्हणजे बांधून तयार झालेली नाव धक्क्यावरून पाण्यात लोटणे. पहिला विनोद या नावातच आहे. कारण कथानायक ट्रिप हा बाल्टिमोर शहरात बोटी विकण्याचा धंदा करतो. दुसऱ्यांच्या नावा पाण्यात लोटणाऱ्या या गृहस्थाची स्वतःची नाव मात्र वयाच्या ३५ व्या वर्षीही बापाच्या अंगणात कोरडीच पडलेली आहे.

घोडनवरा म्हटले की आपल्यापुढे एक विशिष्ट मूर्ती उभी राहते. कपाळ मागे सरकू लागलेले, पत्रिका कुठे जुळत नाही, आणि मावशीने आणलेल्या प्रत्येक स्थळाला 'बघू' म्हणून उत्तर देणारा तो बिचारा! ट्रिप तसा नव्हे. मॅथ्यू मॅकॉनॉहीने उभा केलेला हा ट्रिप देखणा आहे, मिळवता आहे, हसतमुख आहे, मोटार बाळगून आहे. त्याला काय कमी? घरी आई त्याची न्याहारी करते, कपडे धुते, खोली आवरते. वाचकहो, खरे सांगा, असे घर कोण सोडील?

पण ट्रिप घर सोडीत नाही यामागे नुसता आळस नाही. त्यात एक युक्ती आहे. एखादी मैत्रीण जरा गंभीरपणे संसाराच्या गोष्टी बोलू लागली की हा तिला आपल्या घरी आणतो. तेथे ऐन मोक्याला वडील दार उघडून आत येतात, आणि 'हे घर तुझे नव्हे, तुझ्या आईबापांचे!' हे त्या मुलीच्या ध्यानात येते. मग ती जी जाते, ती पुन्हा फिरकत नाही. ट्रिपला नेमके हेच हवे असते. लग्न टाळण्यासाठी आईबापांच्या घराचा असा ढालीसारखा उपयोग करणारा नायक निदान माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

आपल्याकडे आणि तिकडे असा फरक आहे. तिकडे मुलगी आईबापांचे घर पाहून पळते. आपल्याकडे मुलगी दाखवायची तर आधी मुलाचे घर पाहतात. घर किती खोल्यांचे, सासू कशी, नणंदा किती, याची चौकशी केल्याशिवाय पुढचे बोलणे होत नाही. मुलगा आईबापांजवळ राहतो हे आपल्याकडे कमीपणाचे नाही. उलट 'आईवडिलांना सांभाळून आहे' अशी ती त्याची शिफारस ठरते. आपली भाषाच पाहा. सासरच्या घरी राहणाऱ्या पुरुषाला हिणवायला आपल्याजवळ 'घरजावई' असा शब्द तयार आहे. स्वतःच्या आईबापांच्या घरी राहणाऱ्याला हिणवणारा शब्द मात्र आपण घडवलेला नाही. घोडनवरा म्हणतो तेसुद्धा तो घरी राहिला म्हणून नव्हे, त्याचे लग्न राहिले म्हणून!

इतर देशांनी मात्र असे शब्द अगदी हौसेने घडवले आहेत. जपानमध्ये समाजशास्त्रज्ञ यामादा मासाहिरो यांनी १९९० नंतरच्या दशकात 'पॅरासाइट सिंगल', म्हणजे आईबापांवर पोसले जाणारे एकटे जीव, असे नाव रूढ केले. इटलीच्या अर्थमंत्र्यांनी २००७ मध्ये अशा मुलांना 'बाम्बोच्चोनी', म्हणजे थोराड बाळे, म्हटले आणि देशभर गहजब उडाला. फ्रान्समध्ये तर एका चित्रपटातल्या नायकाचे नावच अशा मुलांना पडले. त्या चित्रपटाकडे पुढे वळणारच आहे. एवढ्या नाना देशांतल्या आईबापांना एकाच वेळी एकाच गोष्टीचा उपसर्ग होऊ लागला असेल, तर तो केवळ मुलांचा आळस नसणार, हे उघड आहे.

अमेरिकेपुरते पाहायचे तर प्यू संशोधन संस्थेने जुन्या खानेसुमारीच्या आधारे काढलेले आकडे बोलके आहेत. १९६० साली १८ ते ३४ वयाच्या दर १०० अमेरिकनांपैकी २० जण आईबापांकडे राहत आणि ६२ जण पतिपत्नी म्हणून वा जोडीदारासह आपल्या बिऱ्हाडात. २०१४ साली आईबापांकडे राहणारे ३२ झाले आणि जोडीने राहणारे त्यांच्यापेक्षा किंचित कमी! १९६० च्या सुमारास तेथला पुरुष २३ व्या वर्षाच्या आतबाहेर लग्न करून मोकळा होई. महायुद्धानंतरचे कारखाने, नोकऱ्या आणि नव्या वसाहतींतली स्वस्त घरे यांनी ते शक्य केले होते. तेव्हा 'अठरा वर्षे झाली की पोराने घर सोडावे' हा जो अमेरिकन रिवाज आपण ऐकतो, तो काही सनातन धर्म नव्हे. एका भरभराटीच्या पिढीला परवडलेली ती सवय आहे. सवय मोडली, आणि लोकांना वाटले की धर्म बुडाला.

चित्रपट आला तेव्हा २००८ ची मंदी यायची होती. म्हणून ट्रिप हौसेने घरी राहतो, आणि आपण त्याला निःशंकपणे हसतो. पुढे मंदीत कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, घरभाडी चढली. २०२० च्या जुलैत, महामारीच्या दिवसांत, १८ ते २९ वयाचे निम्म्याहून अधिक अमेरिकन आईबापांच्या छपराखाली होते. आज हा चित्रपट पाहताना एखाद्या तरुणाचे हसू ओठांतच राहील. विनोदाला सुबत्तेची जमीन लागते ती अशी.

आपल्याकडच्या रसिकांना या ठिकाणी एक जुनी आठवण झाल्यावाचून राहणार नाही. राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' १९७० साली आला, आणि त्यावरूनच बासू चटर्जींनी १९७२ मध्ये हिंदीत 'पिया का घर' काढला. तोही आईबापांच्या घरी राहणाऱ्या मुलाचाच प्रणयपट! पण तेथे प्रश्न उलटा आहे. मुंबईच्या चाळीत माणसे भरपूर, भिंती थोड्या, आणि नव्या जोडप्याला दोन शब्द बोलायलाही कोपरा नाही. बाल्टिमोरच्या घरात खोल्या आहेत, त्या भरायला माणसे नाहीत. गिरगाव-दादरच्या घरांत माणसे होती, त्यांना खोल्या नव्हत्या. दोन्हीकडे प्रेमाच्या आड येते ते घरच. मात्र चाळीतल्या विनोदात दारिद्र्याचा ओलावा असतो; अमेरिकन विनोद कोरड्या, झाडलेल्या, गालिचा अंथरलेल्या खोलीत घडतो. त्यामुळे तो अधिक चकचकीत होतो आणि लवकर विसरला जातो.

आता पॉलाकडे वळू. सारा जेसिका पार्करने ही भूमिका चलाखीने वठवली आहे. घर न सोडणाऱ्या मुलांना प्रेमात पाडून त्यांचा आत्मविश्वास वाढवायचा आणि ते स्वतंत्र बिऱ्हाड करताच हळूच निघून जायचे, हा तिचा व्यवसाय. आम्हा शिक्षकांना तिच्याविषयी व्यवसायबंधुत्व वाटावे अशी तिची पद्धत आहे, कारण ती पाठ टाचण काढून काम करते! पायरी पहिली: आकर्षक दिसणे. दुसरी: त्याला जे आवडते ते आपल्यालाही आवडते असे भासवणे. तिसरी: एखाद्या दुःखाच्या प्रसंगी त्याला आपला आधार देऊ देणे, त्यासाठी आपला कुत्रा मरणपंथाला लागल्याचे नाटक ती साग्रसंगीत घडवून आणते. चौथी: त्याच्या मित्रांची पसंती मिळवणे. पाचवी: त्याला आपल्याला काहीतरी शिकवू देणे, ट्रिप तिला शिडाची नाव हाकायला शिकवतो. मुलाला मोठे करायचे तर त्याच्याकडून शिकावे, ही शेवटची पायरी ज्याने लिहिली त्याला माणसाची पारख आहे. टाचण सगळे उत्तम. फक्त विद्यार्थी पाठाबाहेरचे प्रश्न विचारू लागतो, आणि गुरुजींनाच त्याची उत्तरे येईनाशी होतात. पुढे काय होते ते चाणाक्ष वाचकाला सांगायला नको.

या मुख्य कथेच्या बाजूला एक उपकथा आहे, आणि रचनेच्या दृष्टीने मला ती मूळ कथेहून सरस वाटली. पॉलाची बिऱ्हाडमैत्रीण किट हिला खिडकीबाहेर सारखा ओरडणारा एक पक्षी झोपू देत नाही. ती त्याच्या जिवावर उठली आहे. ट्रिपचा मित्र एस, तोही घर न सोडलेलाच, तिच्या प्रेमात पडतो. त्या पक्ष्याचा शेवट करायला निघालेली ही दोघे अखेर त्याच पक्ष्याच्या चोचीत फुंकर घालून त्याला जगवण्याची धडपड करतात. झोई डेशनेलचा तो तिरसट, झोपमोड झालेला चेहरा आणि जस्टिन बार्थाचा भाबडेपणा यांत कोठेही उपदेश नाही, युक्ती नाही. त्या दोघांना कोणी पैसे देऊन प्रेमात पाडलेले नाही, म्हणूनच असेल.

ट्रिपला मात्र निसर्ग चावत सुटतो. डोंगरात सायकल हाकताना खार चावते, समुद्रात डॉल्फिन चावतो, कड्यावर चढताना सरडा चावतो. मित्र निदान करतात की, तुझे जगणेच निसर्गाविरुद्ध चालले आहे, म्हणून निसर्ग तुला डसतो! मुले खळखळून हसतील असे हे प्रसंग आहेत. पण यातला निसर्गाचा दाखला तपासून पाहावा. पिलू मोठे झाले की घरटे सोडते हे खरे. परंतु हत्तींच्या कळपात माद्या आयुष्यभर आईजवळ राहतात, आणि किती तरी पक्ष्यांत थोरली पिले घरट्यातच राहून धाकट्या भावंडांना चारा भरवतात. निसर्ग कोणाच्याच बाजूने साक्ष देत नाही. प्रत्येक जण आपल्या घरच्या रीतीला निसर्ग म्हणतो, एवढेच.

येथपर्यंत चित्रपट हलकाफुलका आहे आणि तसाच तो ठेवायला हवा होता. पण मध्येच लेखकांना आपल्या नायकाची दया आली. ट्रिपचे पूर्वी एका मुलीशी लग्न ठरले होते, ती मरण पावली, आणि त्या दुःखातून तो सावरलाच नाही, असे आपल्याला सांगितले जाते. त्या मुलीच्या लहानग्या जेरेमीला तो मोठ्या मायेने वागवतो. प्रसंग गोड आहेत, मुलगा लाघवी आहे. माझी तक्रार आहे ती वेगळी. ३५ वर्षांचा सुखवस्तू पुरुष आईच्या हातची न्याहारी सोडवत नाही म्हणून घरी राहतो, ही गोष्ट हसण्याजोगी आहे आणि खरीही आहे. तो शोकाने खचला म्हणून घरी राहतो, ही गोष्ट सहानुभूतीची आहे. पण मग त्याला हुसकायला माणूस ठरवणारे आईबाप निर्दय ठरतात, आणि आपण अर्धा तास ज्याला हसलो ते हसूही अपराधी ठरते. दुःखाचा दाखला आणून नायकाला निर्दोष सोडवणे ही वकिली झाली, विनोद नव्हे. विनोदाने माणसाला त्याच्या दोषासकट आपला मानावे.

आणखी एक गोष्ट मनाशी करून पाहावी. ट्रिपच्या जागी ३५ वर्षांची, मिळवती, लग्न न झालेली मुलगी असती तर? अमेरिकेत काय झाले असते ते तिथले लोक जाणोत. आपल्याकडे मात्र तो चित्रपट विनोदी झालाच नसता. घरात राहिलेल्या मुलाला आई गरम पोळी वाढते. घरात राहिलेल्या मुलीने सर्वांना गरम पोळी वाढायची असते. ट्रिप घरी राहतो म्हणजे त्याचे सगळे कोणी तरी करते. ते कोण करते, हा प्रश्न विचारला की आपण चित्रपटातल्या सर्वांत महत्त्वाच्या माणसापाशी येऊन पोचतो. ते माणूस म्हणजे त्याची आई.

स्यू ही आई कॅथी बेट्सने केली आहे. या नटीला १९९० च्या 'मिझरी' या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले होते. त्यात तिने एका लेखकाला आपल्या घरात डांबून ठेवणारी भयंकर बाई रंगवली होती. गंमत पाहा, येथेही ती एका पुरुषाला घरात डांबूनच ठेवते! फक्त तेथे हातात घण होता, येथे धुतलेल्या कपड्यांच्या घड्या आहेत. मुलाने जावे म्हणून पॉलाला ठरवताना ती नवऱ्याबरोबर आहे खरी, पण तिच्या हातांकडे पाहिले तर ते सारखे मुलाला थांबवण्याचेच काम करीत असतात. न्याहारी, इस्त्री, आवराआवर: हे प्रेम आहे, आणि हा पहाराही आहे.

मग एका प्रसंगी ती मनातले बोलून जाते. मुलगा गेला की घरात आपण दोघेच उरणार. इतकी वर्षे आपल्यामध्ये तो होता. आता समोरासमोर बसल्यावर नवऱ्याला आपण आवडलोच नाही तर? हीच तिची भीती. कॅथी बेट्स ती काही गाजावाजा न करता, जवळजवळ लाजत सांगते. या एका वाक्याबरोबर चित्रपटाचा सगळा रंग पालटतो. आपण इतका वेळ विचारीत होतो की, पोरगा घर का सोडीत नाही? आणि खरा प्रश्न हा होता की, घर पोराला का सोडीत नाही?

मला हे सुखात्मिकेतले खरे रत्न वाटते. प्लॉटसपासून आजवर म्हातारी माणसे विनोदात अडथळा म्हणून येत राहिली; त्यांना दूर केले की नाटक संपले. त्यांचे पुढे काय झाले, रिकाम्या घरात ती एकमेकांशी काय बोलली, हे कोणी विचारले नाही. या चित्रपटाने ते विचारले. पण विचारले आणि लगेच दार लावून घेतले! नायक-नायिकेला मित्रांनी एका खोलीत कोंडायचे, त्यांचे भांडण आणि समेट लोकांना पडद्यावर दाखवायचा, टाळ्या घ्यायच्या, या ठरीव धांदलीत स्यू मागे राहिली. बापाची भूमिका टेरी ब्रॅडशॉ या अमेरिकन फुटबॉलच्या नामांकित जुन्या खेळाडूने केली आहे. मुलगा गेल्यावर हे बापलोक त्याच्या रिकाम्या खोलीत वस्त्रांचा जाच न ठेवता निसर्गावस्थेत वावरू लागतात, हा विनोद लेखकांना अधिक मोलाचा वाटला. मुलाबाळांसह पाहणाऱ्यांनी त्या प्रसंगी शेवचिवड्याच्या ताटलीकडे लक्ष द्यावे हे बरे.

याच विषयावर २००१ साली फ्रान्समध्ये एत्येन शातिलिए याने 'तांगी' नावाचा चित्रपट केला होता. तुलनेने तो अधिक धारदार आहे. तांगी २८ वर्षांचा, विद्वान, चिनी भाषा जाणणारा, अतिशय आज्ञाधारक आणि गोड मुलगा. त्याचा जन्म झाला तेव्हा हरखून गेलेली आई त्याला म्हणाली होती की, तुला हवे तर जन्मभर आमच्याजवळ राहा. आणि गुणी पोराने तो शब्द पाळला! मग तेच आईबाप त्याने जावे म्हणून त्याचा नाना परींनी छळ करू लागतात, प्रकरण न्यायालयापर्यंत जाते, आणि कायदा मुलाच्या बाजूने उभा राहतो. शेवटी तांगी बीजिंगला जातो आणि एका चिनी मुलीशी लग्न करून तिच्या भरल्या कुटुंबात, थोरामोठ्यांसह, सुखाने नांदू लागतो. पॅरिसमध्ये जो आजारी ठरला, तो बीजिंगमध्ये शहाणा ठरला. आपल्या भाषेत तो घरजावई झाला. पण कोणी त्याला हिणवले नाही.

फ्रेंच चित्रपट आईबापांना क्रूर होऊ देतो, म्हणून तो कडवट आणि खरा आहे. अमेरिकन चित्रपट कोणालाच वाईट होऊ देत नाही, म्हणून तो गोड आणि भित्रा आहे. पण एक गोष्ट त्याच्याजवळ आहे जी फ्रेंच चित्रपटाला सुचली नाही: त्या आईची भीती. त्या एका भीतीसाठी मी त्याला बरेच माफ करीन.

कारण ही भीती बाल्टिमोरची राहिलेली नाही. शाळेत शिकवणाऱ्या माणसाचा धंदाच पाखरे उडवून देण्याचा. दर मार्चमध्ये दहावीचा एक वर्ग उडून जातो. आमचे बरे असते. जूनमध्ये नवा वर्ग येऊन बसतो. आयांना नवा जून नसतो. आज आमच्या तालुक्याच्या गावांतून मुले पुण्याला, बंगळुरूला, तेथून पुढे सातासमुद्रापार जातात. आपण पेढे वाटतो. मुलगा घरी राहिला तर त्याचे काही तरी चुकले, असे हळूहळू आपणही म्हणू लागलो आहोत. एकत्र कुटुंबाचे आपण कितीही गोडवे गात असलो, तरी चार खोल्यांत दोन म्हातारी माणसे हे चित्र आता आपल्या ओळखीचे आहे. ज्या नवराबायकोंनी तीस वर्षे मुलांच्या फिया, मुलांचे ताप, मुलांचे निकाल यांखेरीज एकमेकांशी दुसरे बोलणे केले नाही, त्यांनी मुले गेल्यावर कशाविषयी बोलावे?

आमच्या एकत्र कुटुंबाने हा प्रश्न सोडवला नव्हता. त्याने तो फक्त येऊ दिला नव्हता. घरात इतकी माणसे असत, की नवराबायकोने एकमेकांना आवडण्याची गरजच पडत नसे. सून येई, नातवंडे येत, आणि सासूची भीती सुनेच्या वाट्याला जाई. स्यूला ती सोय नाही. म्हणून तिला आपल्या भीतीचे नाव घ्यावे लागले, आणि म्हणून ती आपल्यालाही काही सांगू शकते.

'फेल्युअर टू लॉंच' हा मोठा चित्रपट नव्हे. तिकडच्या समीक्षकांनी त्याची फारशी वाखाणणी केली नाही. प्रेक्षकांनी मात्र पहिल्याच आठवड्यात त्याला उत्पन्नात पहिला क्रमांक दिला. दोघांचेही बरोबर आहे. सुटीच्या दुपारी, फराळानंतर, दीड तास हसण्यासाठी तो उत्तम आहे. तरुणांनी किट आणि एस यांच्यासाठी पाहावा, पोरांनी खारीसाठी आणि डॉल्फिनसाठी. घरातल्या थोरल्या दोघांनी मात्र तो शेजारी बसून पाहावा, आणि ती आई आपले मनोगत सांगते त्या ठिकाणी जरा कान द्यावेत. दिवाळीला घर चार दिवस भरते. पाचव्या दिवशी पिशव्या भरल्या जातात, डब्यांत लाडू घातले जातात, आणि गाडी कोपऱ्यावरून वळते. मग अंगणात उभ्या राहिलेल्या त्या दोघांनी आत वळावे, चहा टाकावा, आणि समोरासमोर बसावे. चित्रपट जेथे थांबला, तेथून पुढची गोष्ट त्यांचीच आहे.